पास झालेल्या पट्ट्या

ती. भावोजी,

नमस्कार. मान आता वळते का? निदान डावीकडे तरी? (उजवीकडे ताई बसते, तिकडे घाई नाही. आणि हे पत्र तिला वाचून दाखवू नका. ती तुमच्या खांद्यावरून वाचत असेलच.)

तुम्ही गॅलरीत दाढीला बसलात आणि मी दिलेल्या पट्ट्यांनी बांधलेली वरची सावलीची जाळी अंगावर आली, त्याला चार महिने झाले. "तुझ्या पट्ट्या तुझ्यासारख्याच, ऐन वेळी हात सोडणाऱ्या," असं म्हणून ताईनं फोन ठेवला, तो ठेवलाच. भावोजी, मी बावीस वर्षं प्रयोगशाळेत या प्लॅस्टिकच्या बांधायच्या पट्ट्या ताणून तोडते आहे. दोष पट्टीचा नाही, तुमच्या जाळीचा, हे सिद्ध करायचंच असं मी त्याच दिवशी ठरवलं. गच्चीवरच्या दांडीला त्याच जातीच्या बारा पट्ट्या बांधल्या आणि इमारतभर फिरून आणलेल्या बादल्या काठोकाठ भरून लटकवल्या. ऊन झालं, पाऊस झाला, वादळात बादल्या एकमेकींवर आपटल्या. खालच्या शिंपीणबाई रोज विचारतात, "अहो, वाळली का माझी बादली?" आमचे हे म्हणाले, "तुझी ताई बोलत नाही हे समजू शकतो, पण मी अंघोळ कशात करू?" (पातेल्यात करतात. झाली सवय.) पण एक पट्टी तुटेल तर शपथ! मी जिंकले, हे ताईला कळवावे.

आईला सांगा, मी बरी आहे.

तुमची मेहुणी

ता.क. ताई, हे तुला. (भावोजी, पलीकडे बघा, जमलं तर.) तुला दिलेल्या पट्ट्या मी 'पास' लिहिलेल्या खोक्यातून मुद्दाम निवडल्या होत्या. वरचं पत्र लिहून ठेवलं आणि काल कळलं, ते खोकं प्रयोगशाळेतल्या शेजारच्या टेबलाचं. त्यातली प्रत्येक पट्टी उन्हाच्या यंत्रात हजार तास भाजून निघालेली. पास झाली खरी, पण तिच्यातलं बळ त्यातच सरलेलं. चूक माझीच. आणि तेवढीच नाही. नऊ वर्षं आईचं सगळं तू केलंस, कधी ब्र काढला नाहीस, म्हणून मी दरवर्षी म्हणत राहिले, ताईला जमतं.

आणखी ता.क. रविवारी आईला आमच्याकडे न्यायला येते. खोली रिकामी केली आहे, बादल्याही उतरवल्या. फोन उचलला नाहीस तरी चालेल, दार मात्र उघड. आणि जाळी पुन्हा मीच बांधणार, कोऱ्या पट्ट्यांनी. तेवढा वेळ भावोजींना आत बसव.