डाव्या हातानं खोचलेला पदर

तात्या, तुमच्या सिनेमाचा एक तुकडा सापडलाय. अख्खा सिनेमा नाही, वीस-बावीस सेकंदच. जुन्या फिल्मा जपण्याचं काम करणारी एक मुलगी गेल्या आठवड्यात पुण्याहून वरंध घाट उतरून पोलादपूरला आली आणि विचारत विचारत माझ्या दारात उभी राहिली. कुणाच्या तरी अडगळीत डबा मिळाला म्हणाली, डब्यावर तुमचं अक्षर. तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. सावित्री नदीचा काठ. नऊवारीतली एक बाई घागर भरून उठते, पदर कमरेला खोचते, मान वर करून थेट आपल्याकडे बघते आणि हसते. संपलं. मुलगी म्हणाली, "आजी, हा भाग सिनेमातून कापून वेगळा जपलेला दिसतोय. दिग्दर्शकांच्या पत्नी एक दिवस कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या होत्या, असं ऐकलंय. या त्याच का?" मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "हो, ही माझी आई." तिनं आईचं नाव वहीत लिहून घेतलं. पुण्यात हा तुकडा दाखवणार आहेत, त्याच्याखाली ते नाव येणार. तात्या, मी चक्क खोटं बोलले. महाडच्या शाळेत तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून ओरडलेली मी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी पाहुणीच्या तोंडावर खोटं बोलले.

ते काका होते, तुमच्या सिनेमांत बाईचं काम करणारे. मला पहिल्यांदा बघतानाच कळलं होतं.

तुम्हाला वाटेल, मग असं का केलंस. आईचा चेहरा मी पाहिलेला नाही. मला वर्ष होण्याआधी ती गेली, आणि हजारो फूट फिल्म फिरवणाऱ्या तुम्ही तिचा एक फोटो काढला नाहीत. दहा वर्षांची असताना मी विचारलं होतं. तुम्ही ब्रशवरचा रंग निथळत म्हणालात, "घरच्या माणसाचा फोटो काय काढायचा? समोरच तर होती." या उत्तराचा राग माझा अजून गेलेला नाही. हे गेले, मुलगा पनवेलला असतो, रविवारी फोन करतो. घरात माझ्याखेरीज कुणी नाही. भिंतीवर तुम्ही आहात, हे आहेत, आईची जागा रिकामी. तेवढ्यात कुणीतरी एक हसणारा चेहरा हातात ठेवतं आणि विचारतं, ही तुमची आई का. नाही म्हणवेना मला.

तुमचा काळ मी पाहिला नाही. बोलपट आले आणि तुम्ही सगळं आवरून गावी परतलात, त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी झाले. मला आठवता ते दुकानांच्या पाट्या रंगवणारे तात्या. महाडच्या बाजारात निम्म्या पाट्या तुमच्या हातच्या होत्या. पाटीवर वाकलेले असलात की बोलायचात. माणूस बोलायला लागला की बघणारा बघायचं सोडतो, म्हणून बोलपट तुम्हाला आवडले नाहीत. नटानं कॅमेऱ्याकडे बघितलं तर तुमच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, तेवढा भाग तिथल्या तिथे कापून जाळायचात. आणि नावांचं तर तुम्हाला वेडच. तेव्हा बायका कामाला मिळत नसत. दुसरे लोक बाईचं काम करणाऱ्या पुरुषाला बाईचं नाव देऊन मोकळे होत. तुम्ही मात्र काकांचं नाव, वडिलांच्या नावासकट, मोठ्या अक्षरात पडद्यावर लिहायचात. लोक हसायचे. तुम्ही म्हणायचात, "पडद्यावर हवं ते सोंग दाखवा, नाव मात्र ज्याचं त्याचं लिहा."

त्या नावानं काकांचं लग्न मोडलं, तेही दोनदा. बाईचं काम करणाऱ्याला मुलगी कोण देणार? ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत. वरच्या वाडीत त्यांची भातशेती होती. आई गेल्यावर सकाळ-संध्याकाळ ते उतरून यायचे, चूल पेटवायचे, माझी वेणी घालायचे. मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला, करंगळीएवढंही नातं नसलेला माणूस. मला नऊवारी नेसायला त्यांनीच शिकवलं. दार लावून, स्वतःच्या धोतरावर पातळ गुंडाळून दाखवत होते आणि मी हसून हसून लोळत होते. "हसतेस काय गो? अशा नाय घ्यायच्या निऱ्या. आधी कासोटा घट्ट खेच, मग पदर. तुझ्या आईनंच शिकवलंय मला, तीबी अशीच हसायची." नेसणं आईचं होतं, हात त्यांचा. काका डावखुरे. मी उजव्या हाताची असून पदर अजून डाव्या हातानं खोचते. शाळेतल्या बाया त्यावरून मला चिडवायच्या. मोबाइलमधल्या बाईनं घागर उजव्या बगलेत धरली आणि डावा हात कमरेशी नेला, तिथेच मी ओळखलं.

आता त्या दिवसाचं लिहिते. हे सगळं त्यासाठीच लिहायला घेतलं. मी सहा वर्षांची. पावसाळा सरत आलेला, तुम्ही पडवीत कुठल्याशा औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताय. काका चुलीपुढे नाचणीची भाकरी थापताहेत, मी शेजारी पाटावर. मला भूक लागली आहे. मी म्हणते, "आई, भाकरी दे ना." काकांचा हात परातीतच थांबतो. तुम्ही आत येता, माझा दंड धरून मला उंबऱ्याबाहेर उभं करता. "पुरुषाला आई म्हणतात? कुणी ऐकलं तर? परत म्हणशील?" मी म्हणते, "चुकून म्हटलं." तुम्ही दोनदा विचारता, मी दोनदा तेच सांगते. आत काकांनी काही ऐकलंच नाही असं दाखवलं, पण तव्यावरची भाकरी करपून काळी झाली. त्यांच्या हातून करपलेली मी पाहिलेली ती एकच भाकरी. त्यानंतर आठवडाभर ते जेवायला आत बसले नाहीत, पडवीतच पान घ्यायचे. मला वाटायचं, माझ्यामुळे त्यांची लाज गेली. ज्या तुम्ही त्यांना अख्ख्या मुलखाला बाई म्हणून दाखवलंत, त्याच तुम्ही त्या दिवशी लोकांची भीती घातलीत. हे मला फार उशिरा सुचलं, आणि तोपर्यंत भांडायला तुम्ही नव्हतात. काकाही नव्हते.

काका कॅमेऱ्याकडे बघून हसले तो तुकडा तुम्ही का जपून ठेवलात, मला माहीत नाही. तुमच्या नियमाप्रमाणे तो जळायला हवा होता.

आठवडाभर मी तो रोज पाहिला. काल दुपारी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, "नाव चुकीचं दिलं मी, बाळ. बदलून घे." काकांचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, तुम्ही लिहायचात तसं. ती लिहिता लिहिता थांबली. "हे पुरुषाचं नाव आहे ना, आजी? मग तुम्ही आई म्हणालात ते चुकून का?"

मी "नाही" म्हटलं. म्हटलं, नाव तेवढं दुरुस्त कर.

या पत्राला पत्ता नाही, ते त्याच कपाटात राहील जिथे तुमचे ब्रश आहेत. पण तुम्ही दोनदा विचारलं होतंत, म्हणून तुम्हालाही सांगते. तात्या, तेव्हाही ते चुकून नव्हतं.