डोंगराशी माझं जमतंय

३ मे
पोचलो. रिटायर झाल्यापासून घरात बसून बीपी वाढलं होतं. आता बास. बायकोच्या, म्हणजे ओक्हुईच्या मामांचं हे डोंगरातलं घर रिकामंच पडून होतं. पाइनची झाडं, ओढा, शांतता. शांत होऊनच परतेन, असं तिला वोंजूच्या बस स्टँडवर सांगितलं. बस सुटायच्या आधीच ती वळून चालू लागली. बायको आहे, भरून आलं असणार.

संकल्प: मोबाइल बंद. रोज ध्यान. कुणावरही चिडायचं नाही.

४ मे, सकाळ
ओढ्याकाठी ध्यान. ओढा फार आवाज करतो.
मोबाइल चालू केला. ओक्हुईचा फोन नाही. इथे रेंज नसावी. (फुल आहे.)

६ मे
झाडाला मिठी मारली की मन हलकं होतं, असं एका व्याख्यानात ऐकलं होतं. जुना पाइन निवडला. नव्या जॅकेटला छातीभर चीक. रॉकेलने पुसला, डाग पसरला. शेजारच्या मा आजी एकट्याच राहतात. त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं, काय करताय? मिठी मारतोय म्हणालो. मग विचारलं, बायको कुठंय? प्रश्न खासगी होता. तरी चिडलो नाही. दार जरा जोरात लागलं, इतकंच.

९ मे, पहाटे
जंगलातून बाईची किंकाळी. काठी घेऊन मा आजींकडे धावलो. हरीण आहे, म्हणाल्या, इथलं असंच ओरडतं, तुम्हालाच घाबरलंय. मी काय केलंय त्याचं?

१२ मे
रताळ्याचे वेल लावले होते. रानडुकरांनी अख्खा वाफा उकरला. डोंगराकडे तोंड करून घसा बसेपर्यंत ओरडलो. याला चिडणं म्हणत नाहीत. मोकळं होणं म्हणतात.

१४ मे
ओक्हुईला सहज फोन केला. मागे हसण्याखिदळण्याचा आवाज. मैत्रिणी आल्यात, नंतर करते, म्हणाली. केला नाही. घर खायला उठत असणार, म्हणून माणसं जमवते बिचारी.

१८ मे
ओक्हुई आली! न कळवता. किमचीचा डबा आणि माझ्या गोळ्या घेऊन. न्यायलाच आली, हे मी ओळखलं. थोडे आढेवेढे घ्यायचं ठरवलं.

ती ओढ्याकाठी दगडावर जाऊन बसली. श्वास कसा घ्यायचा, नजर कुठे ठेवायची, हे मी समजावत होतो.

"अहो," ती म्हणाली, "जरा गप्प बसता का?"

बसलो. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली. माझं काय चुकलं विचारलं. काही नाही, बरं वाटतंय, म्हणाली. इतके दिवस मी त्याच दगडावर बसतोय. मला एकदाही काही वाटलं नाही. दगड टोचतो, एवढंच.

जेवताना मी आढेवेढे सुरू केले. तिने मध्येच थांबवलं.

"तुम्ही गेलात आणि घरात पहिल्यांदा शांत झोप लागली मला. अजून थोडे दिवस हवेत. तुम्ही घरी जा. मी इथे राहते."

तिला हवापालटाची गरज आहे, हे मला केव्हाच जाणवलं होतं. मी उदार मनाने हो म्हणालो. मा आजींनी तिला उद्या जेवायला बोलावलंय. मला नाही. मी जाणार हे त्यांना आधीच कसं कळलं?

२१ मे, वोंजू
घरी. एकंदर मोहीम यशस्वी. बीपी मोजलं. मशीन बिघडलंय.

सकाळी ओक्हुईचा फोन. अंगणात हळद्या पक्षी बोलतोय, ऐका, म्हणाली आणि फोन बाहेर धरला. मी फ्रिज बंद केला. खिडकी लावली. फोन कानाला घट्ट दाबून उभा राहिलो. काहीच ऐकू आलं नाही.

"येतंय ना ऐकू?"

"हो," म्हणालो. "छान आहे."

ती इतकी खूश झाली, की परत कधी येणार ते विचारता आलं नाही.