सोडा कंपनीचं दार आणि लोणावळ्याचं धुकं

लोणावळे, श्रावण वद्य चतुर्थी, शके १८५६

तीर्थस्वरूप भिमाजीमामा यांच्या पायांशी महिपतीचे दोन नमस्कार, एक भाचा म्हणून आणि एक जावई म्हणून. (दोन्ही नात्यांनी मी आपल्याला तापच दिला आहे, तेव्हा एकावर भागणार नाही.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. आपला गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? ढवळी गाय व्यायला झाली होती, ती मोकळी झाली असेल. तिकडे कान्हे गावात भाताची लावणी उरकून आता सगळे घोंगड्या पांघरून गप्पा मारत बसले असतील, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं आणि वाटतं की आपणही तिथे जाऊन कोपरा धरावा. पण कंपनी वाढते आहे, आणि वाढती कंपनी टाकून माणसाला कोपरा धरता येत नाही.

आपलं पत्र पोचलं. आपण लिहिता की कंपनीत गोंधळ माजल्याचं कानावर आलं आहे, दसऱ्याला आपण मुंबईचा एक कडक मुकादम घेऊन येणार आहात, आणि कारभार माझ्या हातून काढून त्याच्या हाती देणार आहात. शेवटी विचारता की आपण कचेरीसाठी पाठवलेलं सागवानी दार कुठे आहे. मामा, सोड्याचं यंत्र आपलं, जागा आपली, तेव्हा शब्दही आपलाच चालणार. माझी विनंती एवढीच की शब्द पक्का करण्यापूर्वी माझं ऐकावं. दारापासूनच सुरुवात करतो.

आपल्याला आठवत असेल, सुरुवातीला कंपनी म्हणजे तीन माणसं. गफूरभाई तोंडावर तारेची जाळी बांधून बाटल्या भरायचे (बाटली फुटली तर काच डोळ्यात जाऊ नये म्हणून), विठाबाई बाटल्या धुवायची आणि मी स्टेशनावर ओरडायचो. आता कोंडाजीची बैलगाडी आमचा सोडा घेऊन कार्ल्यापर्यंत जाते, बंगलेवाले पेट्याच्या पेट्या मागवतात आणि शेडमध्ये माणसांना बसायला जागा पुरत नाही. पण माणसं वाढली तसा मी मालक झालो, आणि मालक झाल्यावर मला कोणी काही सांगेनासं झालं. अशात वळवणच्या बाजूला एका बंगल्यात विलायतेहून परतलेले एक वयस्कर इंजिनियर उतरले होते. सोडा पिऊन झाल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात बसवलं आणि सांगितलं की वाढती कंपनी चालवायची तर मालकाचं दार सदा उघडं पाहिजे, कान उघडे पाहिजेत आणि सर्वांनी मिळून ठरवलं पाहिजे. मला ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी मी कचेरीचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. (ते उघडं ठेवा म्हणाले होते, काढा म्हणाले नव्हते, हे गफूरभाईंनी मला नंतर समजावलं. तोवर बिजागऱ्या वाकल्या होत्या.) दार सुखरूप आहे. त्याच्याखाली पेट्या लावून आम्ही सगळे त्यावर जेवतो. सागवान फार उत्तम निघालं.

दार गेलं त्याच दुपारी मी सर्वांना बोलावलं आणि म्हटलं, आता मोकळेपणानं बोला. लख्ख ऊन पडलं होतं. कोणी बोलेना. विठाबाईला मी पुन्हा म्हटलं तर ती रडायला लागली, "मालक, माजं काय चुकलं?" कोंडाजी म्हणाला, "तुमी म्हनाल तसं." गफूरभाईंनी दोघांच्याही बोलण्याला मान हलवली. मग मी एकटाच मोकळेपणावर दिवे लागेपर्यंत बोललो आणि सभा चांगली झाली असं समजून घरी गेलो.

पुढे आषाढात धुकं आलं. कान्ह्याला धुकं डोंगरावर बसून असतं, पण इथे ते घरात येतं आणि पाटावर बसतं. दार नसल्यामुळे कचेरीत तर ते सरळ आलं, आणि माझा स्वतःचा हात मला दिसेना. मी सवयीनं म्हटलं, काही बोलायचं आहे का कोणाला? आणि मामा, ते पांढरं बोलायला लागलं. एक आवाज म्हणाला की मालकांनी मोठ्या हौसेनं काढलेला गुलाबी सोडा माक्याच्या तेलासारखा लागतो. दुसरा म्हणाला, "माझी बायको तो केसाला लावते." तिसरा म्हणाला की बाटलीच्या चिठ्ठीवर मालकांचा फोटो आहे, त्याला पाहून कार्ल्याची पोरं भितात. कोण बोलतं ते मला दिसत नव्हतं, आणि मी रागावलो की हसलो ते त्यांना दिसत नव्हतं. (आधी रागावलो, मग हसलो.) त्या दिवसापासून गुलाबी सोडा बंद झाला, चिठ्ठीवर फोटोऐवजी मोर आला आणि खप वाढला.

मग मला धुक्याची चटकच लागली. सकाळी उठून मी आधी खंडाळ्याकडे बघायचो, आणि तिकडे धुकं चढताना दिसलं की माझं मन हलकं व्हायचं. धुकं दाटलं की काम थांबायचं, सगळे पेट्यांवर बसायचे, कुठे तरी एखादी बाटली फस् करायची, आणि त्या मऊ पांढऱ्यात आवाज नुसते तरंगत यायचे. तिथे कोणी मालक नव्हतं, कोणी धुणारी नव्हती. मला वाटायचं, स्वर्गात कारभार असेल तर असाच चालत असेल. गोंधळ झाला तोही इथेच, तो लपवत नाही. कंपनीच्या पाटीचा रंग सर्वांच्या मतानं ठरवल्यामुळे पाटी आता पाच रंगांची आहे. आणि एकदा कोपऱ्यातला एक गडी काहीच बोलत नव्हता, नुसता जड श्वास टाकत होता. मी त्याच्याजवळ बसून, बाबा, मनात धरू नकोस, तुझं दुःख सांग, असं कितीतरी वेळ समजावलं. तो कोंडाजीचा बैल होता. (ही गोष्ट आपल्या कानावर आलीच असणार. बैल होता हे खरं आहे. त्यानं मला चाटलं हे मात्र लोकांनी वाढवलं आहे.)

पण मामा, मला जे सांगायचं आहे ते आता सांगतो. त्या आवाजांत एक आवाज वेगळा होता. तो दाराच्या रिकाम्या चौकटीच्या बाजूनं यायचा, बाईचा, सावकाश, कसलीच घाई नसलेला. पहिल्यांदा तो म्हणाला, "मालक, तुमी इचारता लय. पन उत्तर यायच्या आत दुसरंच इचारता." शेडमध्ये सगळे हसले आणि माझे कान तापले. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "पावसात गार सोडा कोन पिनार? आल्याचा पाक करा, बाटलीत भरा. घाटातल्या रेलवेच्या गड्यांना द्या, बंगल्यातल्या पडसं झालेल्या सायबांना द्या. बायांना चार म्हैने घरी बसवाया नगं." आजवर पावसाळ्यात आम्ही धुणाऱ्या बायांना रजा देत होतो आणि त्यांच्या चुली कशा पेटतात हे मी कधी विचारलं नव्हतं. आता आल्याचा पाक रोज उकळतो आहे, विठाबाई आणि तिच्या जोडीच्या सगळ्या कामावर आहेत आणि घाटातले रेल्वेवाले आम्हाला दुवा देतात.

त्या आवाजानं मला पार वेड लावलं. कोण आहे म्हणून मी एकेकाला विचारलं, तर सगळे खाली बघून हसायचे. संध्याकाळी घरी जाताना मी धुक्यात त्याच्याशी मनातल्या मनात बोलायचो. जेवताना झुंबरला, म्हणजे आपल्या लेकीला, मी त्याचं कौतुक सांगायचो. केवढी समज, केवढी शांतता, अशा माणसाच्या हाती मी अख्खी कंपनी देईन, असं सांगत भाकरी मोडायचो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आनखी वाढू का?"

नागपंचमीनंतर एका दुपारी तो आवाज कोंडाजीच्या गाडीच्या फेऱ्यांबद्दल काही सांगत होता. मी डोळे मिटून ऐकत होतो. तेवढ्यात घाटाकडून वाऱ्याचा मोठा झोत आला आणि एका दमात सगळं धुकं घेऊन गेला. डोळे उघडले तर चौकटीला टेकून, हातात माझ्या भाकरीचं गठुडं धरून झुंबर उभी होती, आणि वाक्य अजून तिच्याच तोंडात होतं. ती रोज त्याच वेळी भाकरी घेऊन यायची, मामा. सगळ्या शेडला माहीत होतं. मला एकट्याला माहीत नव्हतं. लहानपणी मी आजोळी यायचो तेव्हा ती चिंचेवर चढून अख्ख्या कान्ह्याला हाका मारायची, तो आवाज मला पाठ होता. लग्नानंतर तो कुठे गेला याची मी कधी चौकशीच केली नाही. घरात मला वाढू का आणि दिवा मोठा करू का एवढंच ऐकू यायचं, म्हणून पुरं वाक्य बोलणारी बायको मी ओळखली नाही. मला फार लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. (डोळ्यांतून पाणी आलं ते दमट हवेमुळे.)

पण त्या क्षणी ती गप्प झाली ती झालीच. आता भाकरी ठेवते आणि निघून जाते. धुकं येतं, आम्ही सगळे पेट्यांवर बसतो, आणि चौकटीकडून काही येत नाही. ती बोलली नाही तर ही कंपनी मला चालवता येणार नाही, आणि चालली तरी मला नको आहे. मुकादम येण्याआधी आपल्याला हे कळावं म्हणून हा कागद काळा केला. मामींना नमस्कार, ढवळीच्या वासराच्या पाठीवरून हात.

आपला दोन्ही नात्यांचा,
महिपती

ता. क. : मुकादम आणलाच तर त्याला धुक्याचा त्रास नाही ना हे आधी विचारून घ्यावं.

आणखी ता. क. : मामा, खरी विनंती आता लिहितो, वर लिहायला धीर झाला नाही. पाठवणीच्या वेळी वेशीपाशी आपण झुंबरच्या कानात काही सांगितलं होतं. मी गाडीतून पाहिलं होतं. नवऱ्यासमोर तोंड उघडू नकोस, असंच ते असणार, आणि आपली लेक आपला शब्द मोडायची नाही. धुक्यात मी तिला दिसत नव्हतो म्हणून तेवढी बोलली. तेव्हा कृपा करून तिला एक ओळ लिहावी की बोललीस तरी चालेल. यंत्र न्यायचं असेल तर न्या, पण ही ओळ तेवढी पाठवा.

तिसरा ता. क. : कंपनीतून जाणारा प्रत्येक कागद सर्वांना वाचून दाखवायचा असा आमचा नियम आहे, म्हणून हे पत्र आत्ता शेडमध्ये वाचलं. झुंबर भाकरी घेऊन चौकटीपाशी होती. वाचून संपलं तेव्हा ऊन पडलं होतं, आणि सगळ्यांदेखत ती म्हणाली, लिवा. पुढचं तिचं आहे. मध्ये माझं काही घालायचं नाही अशी तिची अट आहे, म्हणून यात कंस नाहीत.

आबा, तुमी वेशीपाशी सांगितलं व्हतं की दूध उतू जाऊ दिऊ नको आन संक्रांतीला ये. बोलू नको असं तुमी कवाच म्हनला न्हाईत. हे ह्यांनी आपल्या मनानं लिवलंय. मी गप ऱ्हायचे ते बोलाया जागाच गावंना म्हनून. धुक्यात म्होरं कोन हाय ते ह्यास्नी दिसंना, म्हनून हे जरा थांबायचे, तेवढ्यात मी बोलायची. धुकं गेलं त्या दिशी मी गप झाले कारन हे समद्यांम्होरं रडाया लागले. रडत्या मानसाला गाडीच्या फेऱ्या काय सांगायच्या? मग रोज वाट बघितली की हे इचारतील. तर हे तुमास्नी पत्र लिवत बसले. मुकादम नगं. तुमी एकलं या, आन येताना नव्या बिजागऱ्या आना. दार लावायचं हाय. दमट हवेनं पाकाला बुरशी धरती आन बैल आत येतो. दार लावल्यावर बी मी बोलनार हाय. आता बगा, केवढा येळ झाला मी बोलतीया, आन हे गप हायेत.