हुगळीकाठचं श्रीरामपूर

३ नोव्हेंबर
रूममेट कैलास विचारतो, "श्रीरामपूरला काय बघणार? साखर कारखाना?" नगरचं नव्हे. बंगालमधलं, हुगळी नदीवरचं. १८०५ साली तिथल्या बाप्टिस्ट मिशनच्या छापखान्यातून मराठीचं छापील व्याकरण निघालं. माझी शाळा नववीत सुटली. हे सगळं स्वतः धुंडाळलंय. तपशील चुकलेला मला खपत नाही.
बायको, रुपाली, चिपळूणहून निघणार, मी इथून, बहरीनहून. आधी मिशनचं कबरस्तान, मग कॉलेजचं संग्रहालय, मग चर्च. तिथली संदेश मिठाई शेवटी. चिकट हातांनी जुन्या कागदाजवळ जायचं नाही.

६ नोव्हेंबर
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही पडद्यांचा मधला भाग जातोय. कडेचं दिसत राहील, रंगही कळतील. अक्षरं आणि चेहरे — नाही. "इंजेक्शन?" "तुमच्या प्रकारात उपयोग नाही."
प्रेसमध्ये कळलं तर छपाईच्या मशीनवरून उतरवतील आणि घरी पाठवतील. रुपालीला कळलं तर माझी कीव करेल. ते नको. कुणालाच सांगायचं नाही.
पण त्या छापखान्याचं एक पान आधी बघायचं. भिंगाखाली, तिरकी नजर केली की अजून अक्षर सापडतं.

११ नोव्हेंबर
सुट्टी गेली. माझ्या मशीनवरचा दुसरा माणूस, मुझम्मिल, गावाहून परतलाच नाही. मीना सलमान बंदराजवळच्या आमच्या प्रेसची रीत — एक आल्याशिवाय दुसरा हलत नाही.
मॅनेजर गुरुप्रसाद म्हणाले, "किसलिए जाना है?"
"घूमने."
"घूमना बाद में. मार्च में, इंशाल्ला."
डोळ्यांचं सांगितलं असतं तर लगेच सोडलं असतं. कायमचं.
मार्चमध्ये ते पान तिथेच असेल. मला वाचता येणार नाही.

१२ नोव्हेंबर
रुपालीला म्हटलं, तिकिटं रद्द कर.
"का म्हणून? लक्ष्मीला नेते. फोनवर दाखवीन तुम्हाला सगळं."
लक्ष्मी म्हणजे तिची धाकटी बहीण. तिला इतिहास एवढाच ठाऊक की काल काय जेवलो.

२० नोव्हेंबर
पोचल्या. माझा क्रम पहिल्या तासात मोडला. आधी संदेश! मग डाळीचं सारण भरलेल्या पुऱ्या. "अहो, इथं हरभऱ्याच्या डाळीत खोबऱ्याचे तुकडे घालतात. आपल्यासारखंच."
मी कबरस्तानाचं विचारलं. मागून लक्ष्मी — "भावोजी, तुमचे पाद्री दोनशे वर्षं पडून आहेत. आजच्या दिवसात उठून जात नाहीत."
जेवलो नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सुट्टीचा दिवस. व्हिडिओ कॉल. कैलासला चहाला बाहेर घालवलं.
कबरी म्हणजे पांढरे ठिपके. कॉलेजचे खांब कडेकडेने दिसले. मग संग्रहालय. "ही बघा, काचेखाली जुनी पुस्तकं. दिसतंय?"
"दिसतंय."
राखाडी डाग होता. फोन तोंडाजवळ नेला, लांब नेला, मान वाकडी केली. डागच.
"वाचा की मग. आम्हालाही कळू दे."
"काचेवर उजेड पडलाय," म्हणालो.
वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते असं संपलं. खलास.
मग घाटावर गेल्या. नदीपुढे हिरवी साडी दिसली. बरं वाटलं, निदान रंग तरी कळतोय. म्हणालो, "रुपाली, हिरवा रंग शोभतो तुला." असं कधी बोलत नाही मी. लक्ष्मी हसत सुटली. रुपालीने फोन ठेवला. लाजली असावी.

२२ नोव्हेंबर
सकाळी रुपालीचा फोन. हळू बोलत होती.
"हिरव्या साडीत लक्ष्मी होती. फोन माझ्या हातात होता. तिला वाटतंय तुम्ही थट्टा केलीत." मग तिनेच विचारलं,
"कधीपासून?"