चुलीतले बोर्डाचे तुकडे

माय, तुला पऱ्हाटीबद्दल सांगायचं आहे. कापूस वेचून झाला की वावरात उरायची ती वाळकी झुडपं, तू उपटून, भारा बांधून डोक्यावर आणायचीस ती. तुझ्या हातांवर तिचे ओरखडे उठलेले असायचे. आता शेलूबाजारच्या पुढे रस्त्याला लागून एक कारखाना आहे आणि तिथं त्याच पऱ्हाटीचे बोर्ड बनतात, कपाटं नि टेबलं करायचे. मी तिथं प्रेसवर आहे. पऱ्हाटीची कुट्टी होते, ती वाळवून तिच्यावर डिंक फवारतात, आणि तापलेली प्रेस ती दाबून सपाट फळी करते. जुन्या प्रेसमध्ये माणसं एकेक थर आत ढकलायची. यंदा नवी आली. तिच्यात कुट्टी पट्ट्यावरून आपोआप आत जाते आणि दुसऱ्या टोकाला सलग बोर्ड बाहेर पडत राहतो. मी पडद्यासमोर उभी राहून उष्णता नि जाडी बघते. पहिला बोर्ड आला तेव्हा मी हातमोजा काढून त्याच्यावर तळवा ठेवला होता. कोमट होता, आणि मला फार अभिमान वाटला होता.

पण या मशिनीला खायला खूप लागतं. तुझ्या वेळी शेतकरी म्हणायचे, घेऊन जा बाई, वावर साफ होते. आता तीच पऱ्हाटी ट्रॉली भरून आमच्याकडे विकायला येते. त्यामुळं एका दुपारी आसेगावची मावशी कारखान्याच्या गेटवर आली. तुझ्यासोबत पऱ्हाटीला जायची ती. तू गेल्यावर माझ्या शाळेच्या डब्यात भाकर तिनंच घातली. वॉचमननं मला बोलावलं तर ती भिंतीच्या सावलीत बसलेली.

"तुमच्या मशिनीनं समदी पऱ्हाटी गिळली वं," ती म्हणाली. "एक भारा तं देशीन मले?"

"मावशी, तो माल मोजून घेतला हाय. मले नाई देता येत. घरी गॅस नाई काय?"

"टाकी हाय ना. कोपऱ्यात रिकामी उभी हाय. सुनेनं तिच्यावर फडकं टाकलं."

तिला रिकाम्या हातानं पाठवायचं माझ्या जिवावर आलं. बोर्डाच्या कडा कापून पडतात, त्यांचा ढीग मागच्या बाजूला होता. तो मी तिला दाखवला. म्हटलं, "हे ने. लागन तेवढं ने." सुपरवायझरला तो ढीग हलायला हवाच होता. मावशीनं पोतं भरलं, पुढं तिच्या गल्लीतल्या बायाही येऊ लागल्या. गेटवर मला बघून हसायच्या. मी त्या हसण्यावर खूश होते.

आणि मला माहीत होतं, माय. नवी प्रेस बसवायला आलेल्या इंजिनिअरनं आम्हाला शिकवताना स्पष्ट सांगितलं होतं की हे तुकडे चुलीत, शेगडीत जाळायचे नाहीत, त्यातल्या डिंकाचा धूर छातीला वाईट. मी पुढच्या रांगेत बसून मान डोलावली होती. मावशीला ढीग दाखवताना ते शब्द आठवलेही. मग मीच मला समजावलं, तिची चूल छपरीत आहे, धूर उडून जाईल.

लहानपणी एकदा चूल पेटत नव्हती म्हणून मी तिच्यात प्लास्टिकची थैली कोंबली होती. तू ती चिमट्यानं ओढून बाहेर फेकलीस आणि तव्यावरची भाकरही टाकून दिलीस. "लवकर पेटते म्हून काहीबी घालशीन काय? लेकरं खातेत इच्यावरचं," म्हणालीस. भाकर टाकून दिली म्हणून मला राग आला होता. घरात तेवढंच पीठ होतं.

काही आठवड्यांनी मावशीकडे गेले. छपरीत पाऊल टाकलं आणि प्रेसजवळ येतो तोच वास आला, नाकात झोंबणारा. ती फुंकणी घेऊन बसली आहे, डोळे लाल, दोन शब्दांमध्ये खोकते. तिचा नातू मांडीला टेकून बसला आहे. "हे लाकूड लई झोंबते वं डोळ्याले," ती म्हणते, "पण जळते चांगलं." मला ताट वाढते. मी भाकर खाते, पाणी पिते, नातवाच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवते आणि उठून येते.

मग कधीतरी हिंमत करून सुपरवायझरला म्हटलं, डिंक लागायच्या आधी चाळणीतून जी मुळं नि जाड बुडखे बाजूला पडतात, ती बायांना देऊ, आणि कडा देणं बंद करू. तो म्हणाला, दे, जागा मोकळी होईल. पहिलं पोतं मी स्वतः मावशीकडे घेऊन गेले आणि छपरीत उरलेले तुकडे गोळा करू लागले.

"काहून वं, वाईट होतं काय ते?" तिनं विचारलं.

"हो मावशी. त्याच्या डिंकाचा धूर छातीत जाते."

"तुले आता समजलं?"

तिनं सहज विचारलं होतं. मी म्हटलं, "हो, आताच."

"मंग तुहा काय दोष," ती म्हणाली.

तिचा खोकला कमी झाला आहे, गेलेला नाही. मी पोतं द्यायला जाते तेव्हा खरं सांगायचं ठरवून जाते आणि चहा पिऊन परत येते. इतर बायांनाही तेच वाटतं, की मला कळलं तसं मी धावत आले. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुझ्यापर्यंत तो पोचायचा नाही, म्हणून एवढं लिहिता आलं. एक गोष्ट राहिली. "तुहा काय दोष," असं म्हणून मावशीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा मी मान खाली केली होती. तिचा हात नीट पोचावा म्हणून.