माझ्या विमानाचं शेपूट

३ मार्च १९३४, सकाळी
विमान आज शेडबाहेर काढलं. आपल्या फ्रान्सच्या हवाई दलाला बॉम्ब टाकणारं, लढणारं आणि टेहळणी करणारं, तिन्ही कामांचं एकच विमान हवंय. असलं डिझाइन मीच करू जाणे. दोन इंजिनं, पाच माणसं, काचेचं नाक. बायको, जर्मेन, बघायला आली होती. तिने विचारलं, याची पुढची बाजू कुठली? बावीस वर्षांचा संसार, आणि हा प्रश्न.

९ मार्च
वजनांचे आकडे मांडणारी ओडील म्हणते, विमान ठरल्यापेक्षा सहाशे किलो जड झालंय. मी म्हटलं, रंग अजून ओला असेल. ती वही मिटून निघून गेली. पटलं असणार.

१४ मार्च
पहिली चाचणी. वैमानिक बाराद. विमान मैदानाच्या टोकापर्यंत धावलं, उडालं नाही. पण काय सरळ धावतं. रिपोर्टात हे ठळक लिहायचं.

२ एप्रिल
बाकीच्या चारही जागा रिकाम्या ठेवून, त्यांच्या खुर्च्यासुद्धा काढून, बाराद एकटा उडाला. बारा मिनिटं. उतरल्यावर सिगारेट पेटवायला त्याला चार काड्या लागल्या. शेपूट थरथरतं म्हणाला. किती, असं विचारलं तर म्हणे, "साहेब, मोजत बसलो नाही." वैमानिक फार हळवे असतात.

३ एप्रिल
ओडीलने शेपटाला दोन आधार लावायचा आराखडा आणून दिला. आठवड्याचं काम आहे म्हणे. आधारांनी विमान लंगड्या माणसासारखं दिसेल. आराखडा खणात. निश्चय: यापुढे सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायचं आणि आपलंच करायचं.

१५ मे
अठराला हवाई दलाची समिती येणार. समितीच्या कर्नलसाहेबांना विमानाने सूर मारून दाखवायचाय. खुर्च्या परत बसवल्या. बारादने साफ नकार दिला. आधार लावल्याशिवाय सूर मारणार नाही, घरी दोन मुली आहेत म्हणाला. समितीला आठवडाभर थांबवू या, ओडीलने सुचवलं. मी म्हटलं, त्यामुळे आपल्यालाच खात्री नाही असं दिसेल. बारादला मी धैर्यावर थोडं ऐकवलं.
तो म्हणाला, "ठीक आहे, मारतो. पण शेजारी तुम्ही बसायचं."
हो म्हणालो. सगळे बघत होते.

१८ मे, सकाळी
पोट बिघडलंय. कालचे शिंपले.

१८ मे, संध्याकाळी
उडालो. आठशे मीटरवर बारादने नाक खाली केलं. मग थरथर सुरू झाली. आधी पायांत, मग दातांत. मागे काहीतरी फाटल्याचा आवाज झाला. मी बारादला काही तांत्रिक सूचना केल्या. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मी फक्त "देवा, देवा" म्हणत त्याची बाही धरून बसलो होतो, आणि ती सोडा असं त्याला दोनदा सांगावं लागलं. डोळे मी मिटले होते. विचार करायला.
त्याने विमान एका द्राक्षमळ्यात उतरवलं. वेलींच्या तीन ओळी गेल्या, आम्ही दोघे जिवंत. अर्धं शेपूट विमानाच्या आतल्या तारांवर लोंबत होतं. मळ्याच्या मालकिणीने वाइन दिली, माझी निम्मी कोटावर सांडली. या भागात पेले फार उथळ.
ओडील सायकल दामटत आली. आधी बारादला चाचपून पाहिलं, मग मला विचारलं, "तुम्हाला लागलं नाही ना?" आराखड्याबद्दल चकार शब्द नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं.

२६ मे
समितीने विमान नाकारलं. पत्रात कौतुक आहे, बारादचं. पुढचं विमान ओडील करणार. गरज लागली तर तिने माझा सल्ला घ्यावा, असं कारखान्याचे मालक म्हणाले. म्हणून शेजारच्या खोलीत बसतो. अजून गरज लागलेली नाही.

२ जून
बाराद नोकरी सोडून चालला, निरोप घ्यायला आला. म्हणाला, "विमान तसं वाईट नव्हतं, साहेब. तुम्ही ओडीलचं ऐकलं असतंत तर चाललं असतं."
यातलं पहिलं वाक्य मला लेखी दे, असं त्याला म्हटलं. त्याने टोपी घातली, हात मिळवला आणि गेला.

९ जून
टपाल आलं. बारादचं पत्र नाही.