‘चौथा गाळा’ न ऐकता लिहिल्याबद्दल

मी, सुदर्शन तात्याराव मेहेंदळे, वय वर्षे ७२, निवृत्त ग्रंथपाल, राहणार कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉ. आनंद लिमये यांनी मला तपासून माझी स्मरणशक्ती शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. तो सोबत जोडला आहे. ती थोडी अधू असती तर माझे बरे चालले असते. २०१९ साली केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःला ‘संगीत समीक्षक’ म्हणवून घेतले होते.

कलम १. राहती सदनिका, आणि इमारतीच्या पुनर्विकासानंतर तिच्या बदल्यात मिळेल ती सदनिका, माझी मुलगी श्रद्धा हिला मिळावी. तिने सोसायटीच्या सभेत वाद घालू नये. फक्त इतिवृत्ताची प्रत मागावी. कमिटीला तेवढ्याचीच भीती वाटते.

कलम २. बँकेतील ठेवीही श्रद्धाच्याच. कागद निळ्या फायलीत आहेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम ३. माझे मित्र श्याम दामले यांना माझी काळी छत्री द्यावी. ती मुळात त्यांचीच आहे, अठरा वर्षांपूर्वी न्यायची राहिली. याखेरीज त्यांना काही देऊ नये. माझे एक वाक्य ते चौतीस वर्षे लग्नाच्या पंगतीत म्हणून दाखवत आले आहेत आणि मीही दर वेळी विनयाने हसत आलो आहे. ते वाक्य पुढच्या कलमात येईल.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही. वकील म्हणाले, “काका, हे मृत्युपत्रात बसत नाही.” मी विचारले, “मग कशात बसतं?” त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

१९९१ साली मी एका दैनिकात दर रविवारी ‘कानोसा’ हे सदर लिहीत असे. ते दैनिक पुढे बंद पडले. त्या वर्षी मार्केट यार्डातल्या हमालांच्या घरच्या पाच मुलांनी ‘सोंग मंडळी’ नावाचा रॉक बँड काढला. गाणारा धम्मदीप रणपिसे, सोबत त्याची धाकटी बहीण चंपा. ही मुले तोंडाला रंग लावून, बारदानाचे कपडे घालून, इलेक्ट्रिक गिटारवर बाजाराचा एक अख्खा दिवस नाटकासारखा उभा करत. ‘चौथा गाळा’ ही त्याच गाण्यांची कॅसेट. धम्मदीप ती द्यायला स्वतः माझ्या दारात आला होता.

“सर, आधी ऐका, मग बघायला या,” तो म्हणाला. “नुसतं बघितलं तर रंगच दिसतो.”

“ठेवा तिथे,” मी म्हणालो. त्याला मी आत बोलावले नाही. हेही लेखी असलेले बरे.

कार्यक्रम शनिवारी होता. शुक्रवारी दाढी करताना मला वाक्य सुचले: “चेहऱ्याला कितीही रंग फासला तरी गळ्यातला बाजार लपत नाही.” वाक्यावर मी इतका खूश झालो, की कार्यक्रम त्याला साजेसा निघावा एवढीच इच्छा घेऊन गेलो. आम्हा पुणेकरांना टोमणा आधी सुचतो, पुरावा आम्ही सवडीने शोधतो. मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला, घरी आलो आणि लेख लिहून टाकला. रविवारी दुपारपर्यंत सहा जणांनी फोन करून वाक्याला दाद दिली. पहिला फोन श्यामचा.

त्या वाक्यात संगीताबद्दल अक्षरही नव्हते. ती मुले कुठून आली आणि कोणाची, एवढेच मी म्हटले होते. सगळ्यांना ते बरोबर कळले, म्हणूनच सगळे हसले. मला तेव्हाही हे ठाऊक होते.

सभागृहाने त्यांचा पुढचा प्रयोग रद्द केला. दुकानदारांनी कॅसेटची खोकी परत पाठवली. धम्मदीप बसकंडक्टर झाला आणि पुन्हा गायला नाही.

गेल्या वर्षी माळा रिकामा करताना श्रद्धाने ती कॅसेट काढली.

“बाबा, हे तर सीलबंद आहे.”

“असेल.”

“मग रिव्ह्यू कसा लिहिलात?”

दूध उतू जाते का ते बघायला मी स्वयंपाकघरात गेलो. गॅस बंद होता.

जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेतला आणि कॅसेट ऐकली. आता माझे परीक्षण, चौतीस वर्षे उशिराने.

सुरुवातीला धान्य मोजणाऱ्याचा आवाज येतो. तो ‘एक’ म्हणत नाही, बाजाराच्या रिवाजाप्रमाणे ‘लाभ’ म्हणतो. ‘दोन’वर ड्रम येतो, ‘तीन’वर गिटार, आणि मोजता मोजता गाणे कधी सुरू झाले ते समजत नाही. हमालाच्या गाण्यात धम्मदीप ओळीच्या मध्येच श्वास घेतो. कार्यक्रमात मी ते कच्चेपण समजलो होतो. पाठीवर पोते असलेला माणूस तिथेच श्वास घेतो. चंपाताई चहावाल्या सरुबाईचे गाणे म्हणतात. ही बाई गिऱ्हाइकागणिक आवाज बदलते, आणि स्वतःशी बोलते तेव्हा तिला आवाजच उरत नाही. उणिवाही आहेत. तिसरे गाणे लांबते आणि ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. तरीही त्या काळात या शहरात यापेक्षा धीट काही मी ऐकले नाही. ऐकले नाही, कारण मी ऐकतच नव्हतो.

शेवटच्या गाण्यात फक्त झाडूचा आवाज आहे आणि दोन गळे. कॅसेटच्या कागदावर छापले आहे: ‘येथे सर्वजण ओल्या बारदानाने रंग पुसतात व उघड्या तोंडाने गातात.’ म्हणजे जे लपत नाही म्हणून मी हिणवले, ते त्यांना लपवायचेच नव्हते. मध्यंतरानंतर थांबलो असतो तर डोळ्यांनी पाहिले असते. मला माझी लाज वाटते. याहून सभ्य शब्द मी शोधला, सापडला नाही.

कलम ५. माझ्या अकराशे रेकॉर्ड आणि त्या वाजवण्याचे यंत्र, हे सर्व चंपाताई रणपिसे, शिक्षिका, राहणार वारजे, यांना द्यावे असे मी आधी लिहिले होते. ते खोडले आहे. कारण असे.

मी वारज्याला गेलो. धम्मदीप चार वर्षांपूर्वी वारला हे मला त्यांच्या दारात समजले. चंपाताईंनी मला आत बोलावले, पाणी दिले. वरचे कलम आणि या कलमाचा तो पहिला मसुदा त्यांनी वाचला, परीक्षेचे पेपर तपासतात तसा, पेन हातात धरून.

“हे लोकांना कधी कळणार?” त्यांनी विचारले.

“माझ्या पश्चात.”

“म्हणजे बोलणी खायला तुम्ही नसणार. सोय चांगली केलीत. आणि तुमच्या रेकॉर्ड माझ्या घरात कशाला? मी काय तुमचं स्मारक चालवू?”

मी कॅसेटबद्दल विचारले. त्यांच्याकडे एकही प्रत उरलेली नाही. परत आलेली खोकी धम्मदीपने स्वतः भंगारात घातली होती. “ती आत्ता द्या,” त्या म्हणाल्या. “त्याची पोरगी अजून बापाचं गाणं ऐकायची आहे. तिनं तुमच्या मरणाची वाट का बघायची?” मी ती पिशवीतून काढून दिली.

मग त्या म्हणाल्या, “ज्याला काही मिळणार असतं त्यानं साक्षीदार होऊ नये म्हणतात, खरं का?”

“वकील तसंच सांगतात.”

“मग मला काही नको. मी साक्षीदार होते. पण सही करण्याआधी हे सगळं तुम्ही मोठ्यानं वाचायचं. माझ्यासमोर. आणि ते जे हसले होते ना, त्यांनाही बोलवायचं.”

साक्षीदाराने मजकूर ऐकलाच पाहिजे असा कायदा नाही, असे मी त्यांना सांगणार होतो. सांगितले नाही.

तरी रेकॉर्ड व यंत्र श्रद्धाने कोणत्याही वाचनालयाला द्यावे. त्यावर माझे नाव घालू नये.

कलम ६. गुरुवारी आमच्या रसिक मंडळाची बैठक माझ्याकडे आहे. श्यामसह, तेव्हा हसलेल्या सर्वांना बोलावले आहे, कारण सांगितलेले नाही. हे मृत्युपत्र मी तिथे पहिल्या शब्दापासून वाचेन आणि मगच सही करेन. मधेच माझा आवाज गेला तर दुसऱ्या कोणी पुढे वाचू नये. मी पाणी पिऊन पुन्हा सुरू करेन.

स्थळ : कोथरूड, पुणे
दिनांक : १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

(सही) सुदर्शन तात्याराव मेहेंदळे

आम्हा दोघांच्या देखत वरील सही झाली :

१. (सही) डॉ. आनंद लिमये

२. (सही) चंपा रणपिसे
ही सही साक्षीदार म्हणून केली आहे. माफी म्हणून धरू नये.